कुपी स्वस्त, खुर्ची महाग : एका नव्या उपचारक्षेत्राची प्रस्तावना

केटामाइन हे नाव फुलसावंगीच्या बाजारात विचारले तर ओळखणारा क्वचितच भेटेल. औषध मात्र या भागाला नवे नाही. खुबा निखळला, हात मोडला, चुलीपाशी पोर भाजले आणि पट्टी बदलायची वेळ आली, की तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या दवाखान्यात जी सुई टोचतात तिच्यात बरेचदा हेच असते. शुद्धीवर आल्यावर माणूस सांगतो, ‘डोये उघडे होते, डाक्टर बोलत होते, पण मी काही तथी नव्हतो.’ भूलतज्ज्ञ हे ऐकून हसतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. त्याचे काम झालेले असते. मानसोपचाराच्या दृष्टीने काम तिथून सुरू होते. तो ‘तिथे’ नव्हता तर कुठे होता, परत येताना त्याला स्वतःकडे पाहायला थोडी वेगळी जागा मिळाली का, आणि ती जागा मिटण्याआधी कुणी त्याच्याशी नीट बोलले तर काय होते, हे या क्षेत्राचे प्रश्न आहेत.

केटामाइन-साहाय्यित मानसोपचार म्हणजे भुलीच्या मात्रेपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत हे औषध देऊन, त्याच्या आधी, त्या वेळी आणि त्यानंतर प्रशिक्षित उपचारकाने रुग्णाबरोबर केलेले काम. व्याख्येतला ‘साहाय्यित’ हा भाग नजरेतून सुटतो. शिरेतून औषध दिले, रक्तदाब पाहिला, बिल केले आणि घरी पाठवले, तर तो केटामाइनचा उपचार झाला; त्याचाही उपयोग होतो, पण तो हा विषय नव्हे. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या वाचकाचे, मग तो प्राथमिक आरोग्य केंद्रातला तरुण एमबीबीएस असो, समाजकार्याची विद्यार्थिनी असो, आशाताई असो की घरात वर्षानुवर्षे गप्प बसलेल्या भावाचा भाऊ असो, मी मनापासून स्वागत करतो. फक्त दारातच एक गोष्ट सांगून टाकतो. या उपचारात औषधाची कुपी सगळ्यांत स्वस्त आहे. महाग आहे ती रुग्णाशेजारची खुर्ची, म्हणजे तिच्यावर बसणारा माणूस आणि त्याचा वेळ.

एवढ्या लांबच्या विषयाची ओळख फुलसावंगीपासून का सुरू करायची? हे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात येते. याच तालुक्यातले चिलगव्हाण हे साहेबराव करपे यांचे गाव. 19 मार्च 1986 रोजी त्यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. महाराष्ट्रातली जाहीरपणे नोंदली गेलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती घटना सांगितली जाते, आणि आज दर वर्षी त्या तारखेला राज्यभर अनेक जण दिवसभर अन्नत्याग करतात. करपे गावचे सरपंच राहिलेले होते, संगीताचे जाणकार होते. ‘शेतकऱ्याचे नैराश्य’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत गुळगुळीत होण्याच्या कितीतरी आधी हा तालुका त्याची किंमत मोजून बसला होता. मनाच्या आजारावर नवा उपचार आला आहे असे कुणी म्हणत असेल, तर त्याची पारख इथल्या मातीत व्हावी, पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित दवाखान्यात नाही, असे मला वाटते.

इथे नैराश्य स्वतःचे नाव सांगत दारात येत नाही. आरोग्य केंद्रात आलेली बाई म्हणते, डोकं जड पडते, हातापायांत जीव नाही, झोप येत नाही, कायी करमत नाही. पुरुष बहुधा तेवढेही म्हणत नाही. तो ॲसिडिटीची गोळी मागतो, नाहीतर संध्याकाळी हातभट्टीकडे वळतो. पंचक्रोशीत बंजारा समाजाचे तांडे आहेत, घरात गोरमाटी बोलली जाते. जिल्ह्यात कोलामी आणि गोंडी बोलणारी माणसे आहेत. मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर महागाववरून आर्णी करत यवतमाळ, नाहीतर उमरखेडकडून नांदेड. त्यात दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि ‘कायले गेला होता?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते ते वेगळेच. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 पासून आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून आहे. कागदावर रस्ता आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मात्र नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी 85 च्या आसपास उपचाराबाहेर आढळले. त्या सर्वेक्षणाच्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. असता तर आकडा फार सुखावह निघाला असता, असे समजायला मला काही आधार दिसत नाही.

आता औषधाची गोष्ट. 1962 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ काल्विन स्टीव्हन्स यांनी ते पहिल्यांदा तयार केले. त्याआधीचे फेन्सायक्लिडिन हे औषध भूल उत्तम देई, पण रुग्ण कित्येक तास भ्रमात राहत; त्याचे सौम्य भावंड शोधता शोधता हे हाती लागले. ऑगस्ट 1964 मध्ये मिशिगन राज्यातल्या जॅक्सन तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सन यांनी ते पहिल्यांदा माणसाला दिले. कैद्याची ‘संमती’ कितपत खरी, हा प्रश्न त्या काळात कुणाला पडला नाही. आपण तो विसरू नये. कैदी सांगत की आपण अंतराळात तरंगतो आहोत, हातपाय आपले वाटत नाहीत. डॉमिनोंच्या पत्नीने या अवस्थेला ‘विलग’ करणारी भूल म्हणावे असे सुचवले आणि तेच नाव चिकटले. 1970 मध्ये अमेरिकेत परवाना मिळाला, व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांसाठी ते सर्रास वापरले गेले. श्वास आणि रक्तदाब बहुधा टिकून राहतात, मोठे यंत्र लागत नाही, म्हणून जिथे भूलयंत्र आणि प्राणवायूची खात्री नाही अशा सगळ्या गरीब मुलखांत ते रुजले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते 1985 पासून आहे.

मनाच्या उपचारासाठी त्याचा वापर अलीकडचा आहे हा समज चुकीचा आहे. 1973 मध्येच इराणमधल्या खोर्रमजादेह आणि लोत्फी या डॉक्टरांनी 100 मनोरुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला होता. मेक्सिकोत साल्वादोर रोके यांनी त्याच दशकात ते गटोपचारात वापरले. पण या क्षेत्राचा खरा पाया घातला तो येवगेनी क्रुपित्स्की यांनी, लेनिनग्राडमध्ये, 1985 पासून. त्यांचे रुग्ण दारूचे. आधी तयारीच्या बैठका, मग केटामाइनचे इंजेक्शन आणि त्या अवस्थेत उपचारकाचे बोलणे, नंतर जे दिसले-जाणवले त्याचा अर्थ लावणाऱ्या गटबैठका, अशी त्यांची रीत. 1997 मध्ये त्यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला. उपचार घेतलेल्या 111 जणांपैकी 65.8 टक्के वर्षभर दारूपासून दूर राहिले होते. नेहमीचे उपचार घेतलेल्या 100 जणांत हे प्रमाण 24 टक्के होते. आकडे डोळे दिपवणारे आहेत, म्हणूनच जपून वाचावेत: कोणत्या रुग्णाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते, आणि ज्याला बरे व्हायचेच आहे तो नव्या उपचाराकडे आधी धावतो. तरीही आपल्याकडच्या वाचकाने क्रुपित्स्की वाचावा, याला कारण आहे. पुण्यात 1986 मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. लेनिनग्राड आणि पुणे यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण दोन्हीकडे उमगलेली गोष्ट एकच होती: दारू सुटल्यावरची पोकळी कुणीतरी रुग्णाबरोबर बसून भरावी लागते.

मुख्य प्रवाहाने केटामाइनची दखल घेतली ती 2000 साली, आणि दुसऱ्याच दरवाज्याने. येल विद्यापीठातल्या बर्मन, क्रिस्टल आणि चार्नी यांच्या गटाने नैराश्याच्या अवघ्या मूठभर रुग्णांना किलोमागे अर्धा मिलिग्रॅम या प्रमाणात 40 मिनिटांत औषध दिले आणि काही तासांत मन हलके झाल्याचे नोंदवले. 2006 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झाराते यांनी इतर गोळ्यांना दाद न देणाऱ्या 18 रुग्णांवर तेच केले. 24 तासांत 71 टक्क्यांना फरक पडला. गोळ्या लागू पडायला तीन-चार आठवडे लागतात हे ज्या डॉक्टरने रुग्णाच्या नातेवाइकांना शेकडो वेळा समजावले आहे, त्यालाच ‘24 तास’ या शब्दांचे वजन कळेल. पण येल आणि झाराते यांच्या प्रयोगांत मानसोपचार नव्हता. औषध जायचे, मोजमाप व्हायचे. आणि एका मात्रेचा परिणाम बहुतेकांत आठवडा-दोन आठवड्यांत ओसरायचा. म्हणजे लेनिनग्राडच्या शाळेकडे संवाद होता पण काटेकोर पुरावा नव्हता, अमेरिकी शाळेकडे पुरावा होता पण संवाद नव्हता. आजचे क्षेत्र या दोन शाळांच्या लग्नातून उभे राहते आहे आणि सासर-माहेरची कुरबुर अजून संपलेली नाही.

मेंदूत नेमके काय घडते, यावर पुढे वाचायला पुष्कळ मिळेल; इथे थोडक्यात. केटामाइन मेंदूतल्या ग्लुटामेट या रसायनाचे एनएमडीए नावाचे ग्राही अडवते. हे 1983 मध्ये लंडनमध्ये डेव्हिड लॉज यांच्या गटाने दाखवले. 2010 मध्ये येलच्या रोनाल्ड डुमन आणि जॉर्ज अघाजानियन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या मेंदूत दाखवले, की एका मात्रेनंतर चेतापेशींमधले जोड काही तासांतच वाढू लागतात. हा काळ टिकतो काही दिवस. आपल्या शेतकऱ्याला तो समजावायला एकच उपमा पुरते: पाऊस पडून गेल्यावर येणारा वाफसा. चिखलात तिफण चालत नाही, रान सुकल्यावर बी उगवत नाही. मधल्या दोन-चार दिवसांत पेरले तर पेरले. केटामाइनने वाफसा येतो, असे मानायला बऱ्यापैकी आधार आहे. पेरणी त्याने होत नाही. उपमेला मर्यादा आहे हेही सांगतो, कारण माणसाच्या मेंदूत हे नवे जोड मोजून, त्याच काळात दिलेला मानसोपचार जास्त रुजतो असे पक्के सिद्ध करणारे मोठे प्रयोग अजून झालेले नाहीत.

सत्र प्रत्यक्षात कसे असते ते जवळून पाहू. समजा पन्नास किलो वजनाची, पस्तिशीतली बाई आहे. गोळ्यांचे दोन पुरेसे प्रयत्न झालेत, फरक नाही. आधीच्या दोन-तीन बैठकांत तिला सगळे सांगितलेले आहे: काय जाणवेल, किती वेळ, कधीही ‘थांबा’ म्हणता येईल, आणि कोणकोणत्या कारणांनी आपण हे देणार नाही. मनोविकृतीचा इतिहास, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण ही त्यातली ठळक कारणे. त्या दिवशी ती उपाशीपोटी येते. खोलीत मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक, भूलतज्ज्ञ, आणि एक स्त्री कर्मचारी असलीच पाहिजे; विलग अवस्थेतला माणूस पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात असतो, आणि जगभर या क्षेत्राला लागलेले सगळ्यांत मोठे डाग उपचारकांनी या अवस्थेचा गैरफायदा घेतल्याचे आहेत. मात्रा 25 मिलिग्रॅम. मिलिलीटरला 50 मिलिग्रॅमच्या कुपीतून हे अर्धा मिलिलीटर होते, चहाच्या चमच्याचा दहावा भाग. ते सलाइनच्या बाटलीत जाते आणि 40 मिनिटे थेंब थेंब उतरते. (ही पाककृती नव्हे. भूलतज्ज्ञाशिवाय आणि श्वास सांभाळण्याच्या साधनांशिवाय कुणी हात घालू नये.) सातव्या-आठव्या मिनिटाला पंख्याचा आवाज लांबून येऊ लागतो. ओठ बधिर होतात, बुबुळे बारीक थरथरतात, रक्तदाब थोडा चढतो. ती म्हणते, मी आढ्यापाशी आहे. किंवा काहीच म्हणत नाही, डोळ्यांतून पाणी वाहते. उपचारक तिच्या उशाशी बसून असतो, आणि त्याने बोलायचे असते फार थोडे. नव्या उपचारकाला गप्प बसणेच सगळ्यांत जड जाते.

तासाभरात ती परत येते. निदान दोन तास ती नजरेखाली राहते. त्या दिवशी मोटारसायकल नाही, विळा नाही, स्टोव्ह नाही. फुलसावंगीसारख्या गावात याचा सरळ अर्थ असा, की बरोबर एक माणूस पाहिजे आणि त्याचीही मजुरी बुडणार. हिशेबात ही दुसरी मजुरी धरत नाहीत. धरायला हवी.

त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, आणि पुन्हा आठवड्यात, जी बैठक होते ती या उपचाराचा गाभा. ‘मी आढ्यापाशी होते तेव्हा खाली झोपलेली बाई मला बिचारी वाटली,’ असे काही ती सांगते. पंधरा वर्षे स्वतःला नालायक म्हणत आलेल्या बाईला स्वतःबद्दल कणव वाटली, ही उपचारकाच्या दृष्टीने मोठी फट. आता या फटीतून काय करायचे, याला औषधशास्त्राकडे उत्तर नाही. ते विवेकनिष्ठ उपचारपद्धतीकडे, वर्तनोपचाराकडे, कुटुंबाबरोबरच्या कामाकडे आहे. मराठीत या परंपरेचा चांगला साठा आहे. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने 1990 पासून मनाविषयी साध्या मराठीत बोलायची सवय लावली. केटामाइनचे पाश्चात्त्य ग्रंथ वाचून आलेल्या विद्यार्थ्याला मी आधी या साठ्याकडे पाठवतो.

इथे एक नाजूक मुद्दा येतो, आणि त्याच्यावर पाश्चात्त्य पुस्तके आपल्या फार उपयोगी नाहीत. पैनगंगेपलीकडे माहूर आहे. रेणुकामाता आणि दत्तशिखर यांच्या छायेतला हा मुलूख. शरीर सोडून जाणे, आपण आपले नसणे, कुणीतरी आपल्या तोंडून बोलणे, या गोष्टींना इथे जुनी नावे आहेत. अंगात येणे हे इथल्या बाईला परके नाही. केटामाइनच्या सत्रानंतर तिने ‘आई आली होती’ म्हटले तर उपचारकाने काय करावे? हसू नये, हे उघड आहे. पण मान डोलावून ‘होय, आली होती’ असेही म्हणू नये. अनुभव तिचा आहे, त्यातली भावना खरी आहे, आणि औषधाने तुमच्या मेंदूत हे घडते हे आम्ही आधी सांगितले होते: या तीन गोष्टी एकाच वेळी हातात धरता आल्या पाहिजेत. अमेरिकेत या उपचाराभोवती गूढ शब्दांचा बाजार जोरात आहे. आत्म्याचा प्रवास, विश्वचैतन्य वगैरे. तिथे तो माल नवा असेल. आपल्याकडे त्याची दुकाने आधीच गल्लोगल्ली आहेत, आणि महाराष्ट्राने 2013 मध्ये, नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा केला तो अशाच शोषणापायी. मानसोपचाराने या बाजारात आपली टपरी टाकू नये, एवढेच माझे म्हणणे.

पुराव्याकडे वळतो, आणि इथे वाचकाला थोडी निराशा पदरी घ्यावी लागेल. केटामाइनचाच एक अर्धा भाग असलेला एस्केटामाइनचा नाकातला फवारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च 2019 मध्ये मंजूर केला. साधे केटामाइन मात्र तिथे कोणत्याही मानसिक आजारासाठी मंजूर नाही, डॉक्टर ते स्वतःच्या जबाबदारीवर देतात. 2023 मध्ये अमेरिकेतल्या 403 रुग्णांच्या प्रयोगात केटामाइनची तुलना विद्युत उपचाराशी, म्हणजे लोक ज्याला ‘शॉक’ म्हणतात त्याच्याशी, झाली. तीन आठवड्यांनी केटामाइन गटात 55.4 टक्के आणि विद्युत गटात 41.2 टक्के रुग्णांना फरक पडला. केटामाइनचे समर्थक हा आकडा सांगतात. स्वीडनमध्ये आदल्याच वर्षी रुग्णालयात दाखल, जास्त आजारी रुग्णांत उलटे घडले, विद्युत उपचार सरस ठरला. तो आकडा ते सांगत नाहीत. त्याच 2023 मध्ये स्टॅनफर्डमध्ये 40 नैराश्यग्रस्तांना शस्त्रक्रियेच्या भुलीखाली, म्हणजे काहीही जाणवणार नाही अशा अवस्थेत, केटामाइन किंवा नुसते सलाइन दिले. दोन्ही गटांत सारखाच फरक पडला. ज्यांना वाटले की आपल्याला केटामाइन मिळाले, ते जास्त सुधारले.

स्टॅनफर्डचा हा प्रयोग काहींना केटामाइनच्या मुळावर घाव वाटतो. मला तो या क्षेत्राचा सगळ्यांत उपयोगी धडा वाटतो. आशा, तयारी, कुणीतरी आपल्यासाठी एवढा खटाटोप करते आहे ही जाणीव, हे सगळे उपचारात मोठा वाटा उचलतात, हे त्यातून दिसते. मानसोपचाराची माणसे हे शंभर वर्षे सांगत आहेत. आता ते औषधाच्या प्रयोगातूनच पुढे आले, तर बिघडले कुठे? औषध आणि संवाद एकत्र तपासणारे प्रयोग थोडे आहेत. 2022 मधला इंग्लंडचा प्रयोग त्यातला चांगला: दारूचे 96 रुग्ण, आठवड्याला एक अशा तीन मात्रा, सोबत मानसोपचार किंवा नुसती माहिती. सहा महिन्यांत दारूविना गेलेले दिवस केटामाइन आणि मानसोपचार दोन्ही मिळालेल्यांत सर्वाधिक होते. पुन्हा पिण्याचे प्रमाण मात्र गटागटांत वेगळे निघाले नाही.

यवतमाळात उभे राहून आत्महत्येचा प्रश्न टाळता येणार नाही. 2022 मध्ये फ्रान्समधल्या 156 रुग्णांच्या प्रयोगात, केटामाइन मिळालेल्या 63 टक्के लोकांच्या मनातून तिसऱ्या दिवशी जीव देण्याचे विचार पूर्ण गेले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण 31.6 टक्के. एखाद्याला ती रात्र आणि तो आठवडा पार करून देणे ही लहान गोष्ट नाही. पण विचार कमी झाले म्हणजे आत्महत्या टळल्या, असे अजून कुणी सिद्ध केलेले नाही, आणि सहा आठवड्यांनी दोन्ही गटांतले अंतर बरेच कमी झाले होते. कापसाचा भाव, सावकाराचा तगादा, बहिणीच्या लग्नाचे कर्ज यांच्यावर केटामाइन चालत नाही. शेतीच्या दुखण्याला मनाचे दुखणे ठरवून सरकारची सुटका करू नका, असा आक्षेप चळवळीतले कार्यकर्ते घेतात, आणि त्यांचा संशय रास्त आहे. मात्र कर्जामुळे आलेले नैराश्यही नैराश्यच असते. ते कर्ज फेडण्याची, वाटाघाट करण्याची, उद्या शेतात जाण्याची ताकदच काढून घेते. कर्जमाफीची वाट पाहत त्याला उपचाराविना ठेवण्यात कसले राजकारण आहे, ते मला कळत नाही. (कुणाच्या मनात असे विचार येत असतील तर टेलि-मानस, 14416, हा क्रमांक 2022 पासून चालू आहे, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.)

विदर्भात काय चालते, याचा सगळ्यांत ठोस पुरावा केटामाइनचा नाहीच. तो ‘विश्राम’ या प्रकल्पाचा आहे. संगथ संस्थेने अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले, पुढे समुपदेशक, त्याच्या पुढे गरज पडेल तर मानसोपचारतज्ज्ञ अशी उतरंड लावली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 4.3 टक्के होते. 18 महिन्यांनी ते 27.2 टक्के झाले. यात एकही नवे औषध नव्हते. केटामाइन-साहाय्यित मानसोपचार ग्रामीण महाराष्ट्रात आणायचा असेल तर तो अशा उतरंडीच्या माथ्यावर बसवावा लागेल. खाली काही नसताना नुसता माथा उभारला, तर जिल्ह्याच्या ठिकाणी एक चकचकीत दवाखाना होईल आणि तिथे फुलसावंगीचा कुणी पोचणार नाही.

कायद्याविषयी वाचकाला सावध करतो. केटामाइन 2011 पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली मनोप्रभावी द्रव्य आहे आणि 2013 पासून औषध नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत; चिठ्ठी दोन प्रतींत, साठा कुलपात, नोंद वहीत. हे जाचक वाटते, पण कारण आहे. नशेसाठी वारंवार घेणाऱ्यांच्या मूत्राशयाचे कायमचे नुकसान होते हे 2007 पासून माहीत आहे, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकी अभिनेते मॅथ्यू पेरी यांचा मृत्यू देखरेखीविना घेतलेल्या केटामाइनने झाला. दुसरीकडे चीनने हे औषध आंतरराष्ट्रीय बंदीच्या कडक यादीत टाका असा आग्रह धरला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी तो नाकारला. गरीब देशांतल्या शस्त्रक्रिया बंद पडतील म्हणून. म्हणजे फुलसावंगीच्या मोडलेल्या हातासाठी. त्या कुलपाच्या दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्या लागतात. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मात्र प्रत्येकाने मुळातून वाचावा, खास करून संमती, आगाऊ निर्देश आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरणारे कलम 115.

या क्षेत्रात पाऊल ठेवताना आधी काय शिकावे, असे विद्यार्थी विचारतात. सुई टोचणे शेवटी. पहिले सहा महिने जिल्हा कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण विभागात बसून नुसते ऐकावे, आणि ज्या तांड्यावर जायचे त्या तांड्याची बोली निदान कानाला ओळखीची करून घ्यावी. गोरमाटीत विचार करणाऱ्या आजीची तयारीची बैठक मराठीत उरकली, तर सत्रात ती जे सांगेल ते दुभाष्याकडूनच कळेल, आणि दुभाष्या बहुधा तिचा नातू असेल. नातवासमोर आजी काय बोलणार? म्हणून प्रशिक्षणाची पहिली जागा तांड्यावरच्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीला मिळावी असे मी सुचवतो, आणि तिचे मानधन भूलतज्ज्ञाच्या फीच्या आधी अंदाजपत्रकात लिहावे.